एमॉसची विजार

हेरिक बेटावर माणूस बुडाला आणि हाती लागला नाही, तर त्याचे कपडे पेटीत ठेवायचे. वर्षभर, आणि वर एक दिवस. तेवढ्यात तो परत आला तर त्याला घालायला काहीतरी हवं. अंगावरचं तर ओलंच असणार. नाहीच आला, तर पेटी उघडायची, कपड्यांच्या अर्ध्या बोटाच्या रुंदीच्या पट्ट्या कापायच्या आणि समुद्राकडच्या दारात जो गालिचा घालतात त्याचा काठ त्या पट्ट्यांनी भरायचा. गालिच्याच्या मधोमध काय वाटेल ते काढावं, फुलं काढावीत, कुत्रा काढावा, त्यात कुणी बोलत नाही. काठ मात्र बुडालेल्यांचा. घरात येणाऱ्याचा पाय पहिल्यांदा त्यांच्यावर पडतो, म्हणजे कुणीतरी सुखरूप घरी पोचलं हे त्यांनाही कळतं.

आणि एकदा माणसाचा कपडा काठात गेला, की त्याला शोधायला कुणी बोट काढायची नाही. तो गेला. पूर्वी दोघं भाऊ असल्या माणसाला शोधायला निघाले होते, आता त्यांचेही दोन काठ आहेत.

जोनास पेटिंगिलचं तर सगळ्यांना ठाऊक आहे. तो समोरच्या मेनच्या किनाऱ्यावर मीठ आणायला गेला आणि मीठ सोडून भलत्याच गोष्टींत रमला. पाचव्या आठवड्याला बायकोचा धीर सुटला. तिनं वर्षाची वाट न बघता त्याचा कोट कापला आणि काठ भरून टाकला. सहाव्या आठवड्याला जोनास मिठाच्या दोन गोण्या घेऊन दारात उभा. बायकोनं त्याला जेवायला वाढलं, पण बेटावरच्या एकाही माणसानं त्याला पुन्हा बोटीत घेतलं नाही. उरलेली चाळीस वर्षं त्यानं रानातली बोरं वेचून काढली. एक्क्याण्णवाव्या वर्षी अंथरुणात, नातवंडांच्या घोळक्यात गेला. पण आजही विचाराल तर बेटावरची म्हातारी माणसं सांगतात, जोनास? तो बुडाला.

लोविना ही गोष्ट ऐकून पहिल्यांदा पोट धरून हसली होती. ती उत्तरेकडच्या बटाट्याच्या मुलखातली. तिच्या माहेरी फाटका कपडा दिसला की कापायचा आणि गालिच्यात घालायचा, मालक चुलीपाशी बसलेला असला तरी. लग्नाला तीन वर्षं झाली, सासरा समुद्रानं नेला, तेव्हापासून ती हसायची बंद झाली होती.

सासरा एमॉस गेला त्याला त्या दिवशी वर्ष आणि एक दिवस झाला. फेब्रुवारीची सकाळ. पहाटे तिचा नवरा ऑरिन उठला, अंधारातच चाचपडत कपडे चढवले, काकवी घातलेला चहा उभ्यानंच प्याला आणि चुलतभाऊ एल्ब्रिजला घेऊन कॉड मासे धरायला गेला. जाताना त्यानं लोविनाच्या मानेवर आपले गार हात ठेवले आणि ती ओरडली तेव्हा हसला. वारा नव्हता. समुद्रातून मात्र वाफ निघत होती, उकळत्या पातेल्यातून निघावी तशी. पाण्यापेक्षा हवा फार गार झाली की असं होतं. माणसांना ही वाफ आवडत नाही. तिच्यात बोटीचं सगळं अंग गोठतं. दोरी दंडाएवढी जाड होते, आणि लाकडी मोगरीनं बर्फ ठोकून पाडत राहिलं नाही तर बोट स्वतःच्याच वजनानं कलंडते.

न्याहारीची भांडी झाल्यावर सासूबाई हिटीबाईंनी चुलीवरच्या दोरीवरची विजार काढून लोविनाच्या मांडीवर ठेवली. आदल्या संध्याकाळी त्यांनीच ती पेटीतून काढून, दमटपणा जावा म्हणून ऑरिनच्या विजारीशेजारी उबेला टाकली होती. काळ्या-निळ्या जाड लोकरीची. एकाच ताग्यातून त्यांनी नवऱ्याला आणि मुलाला दोघांनाही शिवल्या होत्या.

"कात्रीला धार लावलीस का?"

"लावली, आई."

"मग घे. मी नाही हात लावायची. ज्या हातानं शिवलं त्या हातानं कापत नाहीत." हिटीबाई खुर्चीत बसल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणूस दारात उभा राहिला तर त्यांना खांब दिसायचा, बोलला की माणूस. थोड्या वेळानं म्हणाल्या, "या विजारीत तो होता तोवर घटकाभर एका जागी बसला नाही. आता बसेल दारात."

लोविनानं उजवा पाय गुडघ्यापासून खाली कापला आणि त्याच्या उभ्या पट्ट्या पाडल्या. खिडकीपाशी चौकटीवर गोणपाट ताणलेलं होतं. मधला भाग तिनं जानेवारीतच भरून टाकला होता. त्यात कोंबडा होता. कोंबडा तिनं स्वतः कोळशानं काढला होता आणि एल्ब्रिजनं पाहिल्याबरोबर विचारलं होतं की कॉडला तुरा कशाला दिलास. आता काठ. डाव्या हातानं पट्टी गोणपाटाच्या खाली धरायची, उजव्या हातातला आकडा वरून भोसकायचा, पट्टी पकडून टाका वर खेचायचा. पुन्हा भोसकायचा. आकडा एमॉसनंच केला होता, जहाजाचा खिळा घासून वाकवून; मूठ सफरचंदाच्या लाकडाची. लोविनाचा हात चांगला चालायचा. दहा वाजेपर्यंत समुद्राकडची एक बाजू भरत आली.

पट्ट्या संपत आल्या तशी तिनं विजार पुन्हा मांडीवर घेतली, दुसरा पाय कापायला. कापड सारखं करताना खिशात काहीतरी टणक लागलं. तिनं बोटं घालून बाहेर काढलं. स्प्रूसच्या झाडाच्या डिंकाची गोळी होती. चघळलेली, दातांच्या खुणा उमटलेली.

ऑरिन दिवसभर डिंक चघळायचा. जेवायला बसला की काढून खिशात, उठला की पुन्हा तोंडात. पण एमॉसच्या तोंडात लोविनानं पाहिलं तेव्हापासून एकही दात नव्हता.

तिनं गोळी खिडकीच्या फळीवर ठेवली. मग विजार उलटी करून बघितली. कमरेजवळ एक लहानसं रफू होतं. ते तिनंच केलं होतं, नाताळाच्या आदल्या आठवड्यात, ऑरिनसाठी.

 जिवंत माणसाची विजार. ज्याची, तो या घटकेला वाफेत कुठेतरी होता, आणि त्याचा गुडघ्यापासून खालचा पाय काठात भरला गेला होता, ओळीनं, तिच्याच हातानं. 

"थांबलीस का?" हिटीबाईंनी विचारलं.

"रांग वाकडी गेली, आई. उसवते."

हे तिच्या तोंडून इतक्या सहज आलं की तिची तिलाच भीती वाटली. तिनं चौकटीखाली हात घातला, पट्टीचं टोक पकडलं आणि ओढलं. टाके एकामागून एक सुटले. आकड्याचा आवाज ठपठप येतो, उसवण्याचा आवाज वेगळा, फाटल्यासारखा लांब. तिला वाटलं, हा आवाज सगळ्या बेटावर जातोय.

तेवढ्यात वारा सुटला. सुरुवात चुलीच्या नळीत झाली, कुणी बाटलीत फुंकर मारावी तशी. मग खिडकीच्या काचेवर बर्फाची पूड आपटायला लागली. लोविनानं काचेवर गोठलेल्या हिमाला श्वासानं भोक पाडलं आणि बाहेर बघितलं. वाफ आडवी झाली होती. धक्क्याचं टोक दिसत नव्हतं. घटकाभरानं एक बोट आली, मग दुसरी, दोन्ही पांढऱ्या फटक. माणसं उतरताना एकमेकांना धरत होती. तिसरी आली. ऑरिनची हिरवी नव्हती. तिनं डोळ्यांनी आधी बोटीचं नाक शोधलं, मग रंग, मग माणसं, आणि प्रत्येक वेळी चौकटीपाशी येऊन पुन्हा पट्टी ओढली.

बारा वाजता हिटीबाईंनी चुलीवरचं शेंगदाण्यांसारखं करपत चाललेलं बीन्सचं भांडं वासावरून ओळखून बाजूला सरकवलं. जेवायला दोघीही बसल्या नाहीत. हिटीबाई उठून चौकटीपाशी आल्या, काठावरून हात फिरवून पुन्हा जागेवर जाऊन बसल्या. 

मग दार ढकलून झिल्फा आत आली. शेजारीण, आणि एसाची बायको. बेटावरची सगळ्यात मोठी बोट एसाची; असल्या हवेत कुणी बाहेर पडू शकत असेल तर तोच. लोविना चौकटीसमोर उभी राहिली. मागं भरलेल्या बाजूचा अर्धा काठ अजून तसाच होता, खुर्चीवर दीड पायाची विजार होती, आणि तिला दोन्ही झाकता येत नव्हतं.

झिल्फानं शालीवरचं बर्फ झटकलं. एसा आणि त्याचा भाऊ लेवी धक्क्यावर उभे आहेत म्हणाली. "कुठल्या अंगाला गेलाय ऑरिन? एसा विचारतोय. वारा आणखी फिरायच्या आत निघतो म्हणाला."

"डुकरिणीच्या खडकांपलीकडे," लोविना म्हणाली. "काल दोऱ्या तिकडे टाकल्या होत्या."

एवढ्यावर झिल्फानं निघायला हवं होतं. पण ती कधी कुणाच्या घरातून उभ्या उभ्या गेलेली नव्हती. तिची नजर लोविनाच्या कमरेच्या बाजूनं मागं गेली.

"काठ घेतलात वाटतं भरायला. आज झाला का एमॉसचा दिवस?"

"झाला," हिटीबाई म्हणाल्या.

झिल्फा खिडकीकडे सरकली. तिनं कोंबड्याकडे बघितलं, काठाकडे बघितलं, उसवलेल्या गोणपाटातल्या भोकांच्या रांगांकडे बघितलं. मग फळीवरची डिंकाची गोळी दोन बोटांत उचलली.

 झिल्फा बोलली तर संपलं. ही बाहेर जाऊन नवऱ्याला नुसतं सांगेल, ऑरिन काठात गेलाय. एसा टोपी काढेल, धक्क्यावरचे सगळे टोप्या काढतील, आणि बोटीची दोरी पुन्हा खुंटीला बांधली जाईल.

"हा डिंक कुणाचा?"

"विजारीच्या खिशात होता," लोविनाच्या तोंडून निघून गेलं.

"एमॉसच्या?" झिल्फा म्हणाली. "हिटी, तुझ्या नवऱ्याच्या तोंडात दात नव्हता. माझ्या लग्नातला केक त्यानं चहात बुडवून चमच्यानं खाल्ला."

चुलीत लाकूड खचलं. हिटीबाईंनी मान वर केली आणि जिथून आवाज आला तिथं आपले पांढरे डोळे लावले.

"म्हणूनच तर चघळायचा," त्या म्हणाल्या. "दातवाल्यांची गोळी दुपारपर्यंत संपते. त्याला एक ईस्टरपासून नाताळपर्यंत पुरायची. गालात ठेवायचा. मी चाळीस वर्षं त्याच्या शेजारी झोपले, झिल्फा, तू नव्हतीस."

झिल्फानं गोळी होती तिथं ठेवली. वाकून बुटाचा बंद बांधला, बराच वेळ लावून. मग शाल ओढून घेतली, लोविनाच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि निघून गेली.

लोविनानं काचेतल्या भोकाला डोळा लावला. झिल्फा बर्फातून वाकून धक्क्याकडे चालली होती. एसापाशी थांबली. काहीतरी बोलली. एसानं मान खाली घातली. लोविनाला तिच्या ओठांवरून काहीच कळेना. एसाचा हात टोपीकडे गेला, आणि त्यानं टोपी कानांवर आणखी खाली ओढली. मग तो बोटीत उतरला.

"सुटली का बोट?" मागून हिटीबाईंनी विचारलं.

"सुटली."

"आता सांग. किती कापलंयस?"

लोविनानं वळून बघितलं. म्हातारीनं विजार मांडीवर घेतली होती आणि तिची बोटं उरलेल्या पायाच्या गुडघ्याच्या आत काहीतरी शोधत होती. एमॉसच्या विजारीला तिथं ठिगळ आहे, त्या म्हणाल्या, दोन्ही गुडघ्यांना, जाळी दुरुस्त करताना टेकायची त्याला खोड होती. हिला नाही. वाकडी रांग माणूस एकदा उसवतं, तू दोन तास उसवतेयस. दोरीवरून काढून तुझ्या मांडीवर मीच ठेवली, हातानं बघायची सोडून डोळ्यांनी बघून ठेवली, आणि डोळे मला आहेत कुठे.

मग दोघींचंही लक्ष एकदम चुलीवरच्या दोरीकडे गेलं. दोरी रिकामी होती. आदल्या रात्री तिच्यावर दोन विजारी होत्या. एक इथं होती. दुसरी ऑरिन अंधारात घालून गेला होता.

"बापाची घालून गेलाय," लोविना म्हणाली.

हिटीबाईंनी दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले.  मेलेल्याच्या अंगातली विजार घालून मुलगा पाण्यावर, आणि त्याची स्वतःची इथं काठात. समुद्रानं याहून जास्त खुणा कुणाकडून मागितल्या असत्या?

"सुई आण," शेवटी त्या म्हणाल्या. "दोन आण. काळा दोरा. कापलेलं कापलेलं असतं, पण शिवलं की ते शिवलेलं. विजार अख्खी झाली पाहिजे."

हे कुठल्या रिवाजात होतं ते लोविनानं विचारलं नाही. बहुधा कुठल्याच नव्हतं. म्हातारीनं ते तिथल्या तिथं रचलं असावं. पण बुडणाऱ्यानं दोरीची जात विचारावी अशी ती वेळ नव्हती. उरलेला काठ तिनं भराभर उसवला. पट्ट्या बाहेर आल्या त्या कुरळ्या, जागोजाग टाक्यांचे उंचवटे धरलेल्या. तिनं एकेक पट्टी किटलीच्या वाफेवर धरून सरळ केली आणि कापल्या होत्या त्या क्रमानं टेबलावर मांडायला घेतल्या. वरची कड विणीवरून जुळवायची, खालची दुमडीच्या खुणेवरून. हिटीबाई जिभेनं दोरा ओला करायच्या, सुईचं नाक खालच्या ओठावर टेकवून ओवायच्या, एकदाही चुकल्या नाहीत. पट्टीला पट्टी भिडवून कडेकडेनं गच्च टाके. दोघी दोन बाजूंनी निघाल्या, मधे गाठ पडायची होती.

 तासाभरानं लोविनाला जे सुचलं त्यानं तिची सुई बोटात गेली.

"आई, त्या दोघा भावांची गोष्ट. काठातल्या माणसाला शोधायला निघाले ते."

"शिव."

"मी काहीच बोलले नाही आणि एसाला जाऊ दिलं. लेवीला जाऊ दिलं. आधी दोघं होते, आता चौघं आहेत."

"मी जाऊ दिलं," हिटीबाई म्हणाल्या. "खोटं मी बोलले. तू फक्त उभी होतीस. शिव."

बोटातलं रक्त तिनं चोखलं आणि शिवायला लागली. तिच्या अंगातली सगळी ऊब निघून गेली होती. चूल लाल होती तरी दात वाजत होते. वाऱ्याचा प्रत्येक झोत भिंतीवर आदळला की ती मनात बोटीवर आदळलेला मोजायची. ऑरिन कसा बुडेल हे तिला दिसत होतं, आणि नको म्हटलं तरी बारीकसारीक दिसत होतं. बर्फानं जड झालेली बोट एका बाजूला झुकते, सावकाश, म्हातारं माणूस खुर्चीत डुलकी घेतं तशी. उजवा पाय आधी पाण्यात जातो. उजवा पाय, गुडघ्यापासून खालचा.

तीन वाजता काचेतलं भोक पुन्हा गोठलं. साडेतीनला खोलीत कल्हई उडालेल्या भांड्यासारखा उजेड राहिला. लोविनानं शेवटच्या पट्टीला हात घालायला टेबलावर चाचपलं आणि तिथं नुसतं लाकूड लागलं.

पोटरीच्या मागं एका पट्टीएवढी फट उरली होती, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत.

तिनं टेबलाखाली बघितलं, चौकटीखाली बघितलं, ऍप्रन झटकला, चिंध्यांची पिशवी जमिनीवर उलटी केली. चुलीतल्या राखेत चिमटा घालून बघितलं. गोणपाटाच्या भोकांवरून बोट फिरवलं, एखादा टाका राहिला असेल म्हणून. हिटीबाई जमिनीवर गुडघ्यांवर बसून तळहातांनी फळ्या चाचपत होत्या आणि हळूहळू खोलीच्या दुसऱ्या टोकाला जात होत्या.

"दुसऱ्या कापडाची लावू का?"

"दुसऱ्या कापडाची म्हणजे दुसऱ्या माणसाची." म्हातारीचा श्वास फुलला होता. "शोध."

तेव्हा भोंगा ऐकू आला. एसाच्या बोटीवरचा पत्र्याचा, गायीसारखा हंबरणारा. एकदाच. लोविना जिथं होती तिथं थांबली, एक हात चिंध्यांत. भोंग्याच्या आवाजावरून मागं किती माणसं आहेत ते कळत नाही. दोन माणसं असली तरी तो तसाच वाजतो, चार असली तरी तसाच. तिला दाराकडे पळायचं होतं आणि तिच्या हातात फट असलेली विजार होती. फट घेऊन दार उघडायचं नाही, असं तिच्या मनानं घेतलं. का, ते तिला सांगता आलं नसतं. ती पुन्हा फळ्यांवर वाकली.

मग पायवाटेवर बूट वाजले. लोविनाला ती चाल ओळखू आली. माणसं काहीतरी जड उचलून आणताना अशी चालतात, सगळ्यांची पावलं एकदम. वर्षापूर्वी एमॉसची नुसती वल्ही आणली होती तेव्हाही अशीच चालत आली होती.

दार उघडलं. बर्फ आधी आत आलं, मग एसाची पाठ, मग लेवी आणि एल्ब्रिज. मधे ऑरिन होता. त्याच्या भुवयांवर पांढरी झालर होती आणि तोंड निळं होतं. त्याचे डोळे उघडे होते. डोळ्यांनी लोविनाला शोधलं.

"चहा," तो म्हणाला. निदान तसं काहीतरी.

इंजिन बंद पडलं होतं, एल्ब्रिज एकटाच सगळ्यांसाठी बोलत होता. वाऱ्यानं डुकरिणीच्या खडकांवर नेलं. तिथं आडोशाला नांगर टाकला आणि पाच तास दोघांनी पाळीपाळीनं मोगरीनं बर्फ ठोकला. हात बधिरले तेव्हा खांद्यांनी ठोकला. ऑरिनचा उजवा पाय बोटीत साचलेल्या पाण्यात गुडघ्यापर्यंत अडकला होता. लोविनानं सासूकडे बघितलं नाही. पाय शाबूत होता. बोटं पांढरी पडली होती, पण हिटीबाईंनी बर्फानं चोळत चोळत ती लाल केली, आणि ऑरिन शिव्या द्यायला लागला तेव्हा म्हणाल्या, रक्त आलं.

त्याच्या अंगावरची विजार सालपटासारखी कडक झाली होती. एसानं ती कमरेला सोडवली आणि लेवीनं ऑरिनला काखेत धरून वर उचललं, बाटलीतून बूच काढावं तसं. विजार चुलीपाशी राहिली. कोरडी हवी होती. लोविनानं मुकाट्यानं शिवलेली पुढं केली. ऑरिनचा उजवा पाय त्यात मुश्किलीनं गेला. शिवणीत कापड खाल्लं गेल्यानं तो पाय डाव्याच्या निम्मा झाला होता आणि त्यावर नांगरलेल्या शेतासारख्या उभ्या रेघा होत्या. त्यानं खाली बघितलं. इतका थकला होता की त्याला त्यात नवल वाटलं नाही.

"पोटरीला वारा लागतोय," एवढंच म्हणाला.

झिल्फा पुरुषांच्या मागोमाग आत आली होती आणि दाराशी उभी होती. तिनं ऍप्रनच्या खिशातून काळ्या-निळ्या लोकरीची एक पट्टी काढली आणि लोविनाच्या हातात कोंबली.

"चौकटीच्या खाली पडली होती," ती हळूच म्हणाली. "मी बुटाचा बंद बांधत होते ना. आणि खुर्चीवरच्या विजारीचं रफू पाहिलं. एसाला रफू नाही कळत, मला कळतं. तुझा नाताळातला टाका आहे तो, शेजारी बसून मीच शिकवलाय."

 झिल्फा नवऱ्याकडे वळली आणि किती बर्फ आणलंस लोकांच्या घरात म्हणून त्याच्यावर डाफरली.

तेवढ्यात सगळ्यांच्या नजरा चुलीकडे वळल्या.

चुलीपाशी एमॉसची विजार उभी होती. गोठून इतकी ताठ झाली होती की लेवीनं ऑरिनला वर काढल्यावर तशीच दोन पायांवर उभी राहिली होती, कमरेत किंचित मागं रेललेली, एक पाय पुढं, म्हातारा धक्क्यावर उभा राहून हवा बघायचा अगदी तशी. वरती माणूस नव्हता. कमरेतून वाफ निघत होती. एसानं या वेळी खरंच टोपी काढली. एल्ब्रिज भिंतीला टेकला.

हिटीबाई ऑरिनच्या पायांपाशी जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली. त्यांना काय दिसलं ते कुणाला कळणार; एक काळा आकार, चुलीच्या उजेडापुढं, ओळखीच्या उंचीचा.

"आलास," त्या म्हणाल्या. "आणलंस का पोराला?"

 चुलीच्या उबेनं विजारीचा एक गुडघा मऊ पडला, ठिगळाच्या जागी. मग दुसरा. ती सावकाश वाकायला लागली, आधी थोडी पुढं, मग मागं, जाळी दुरुस्त करायला टेकतात तशी.

"बस," हिटीबाई म्हणाल्या. "वर्ष झालं, दमला असशील."

आणि ती बसली.

दुसऱ्या दिवशी वारा पडला होता. ऑरिन खाटेवर घोरत होता, पोटरीवरची फट पहाटे उठून लोविनानं बंद केली होती. एमॉसची विजार वाळली. लोविनानं ती मांडीवर घेतली, दोन्ही गुडघ्यांची ठिगळं बोटांनी पाहिली, सासूच्या बोटांखाली धरली. हिटीबाईंनी मान हलवली. तरीही कात्री उचलण्याआधी लोविनानं खिशात हात घातला. इथून पुढं कापण्याआधी ती जन्मभर असाच हात घालणार होती.

आत डिंकाची गोळी होती. चघळलेली, पण दाताची एकही खूण नसलेली.

तिनं ती म्हातारीच्या तळहातावर ठेवली. हिटीबाईंनी बोटांत फिरवली, वास घेतला आणि आपल्या गालात टाकली.

"बघ," त्या म्हणाल्या, "झिल्फाला सांगितलं होतं ना मी. काप आता."